मागच्या रांगेतल्या बायका

बर्फाचा खडा तळहातावर घ्यायचा, मूठ मिटायची आणि मिनिटभर तशीच धरून बसायचं. बाळंतपणाच्या तयारीच्या वर्गात बाईंनी हे सांगितलं तेव्हा सगळे हसलेच. फोंड्यातली मे महिन्याची दुपार, तिस्काजवळच्या इमारतीचा दुसरा मजला, खाली औषधांचं दुकान आणि वर गरम हवा ढवळणारा पंखा. बर्फ कुणाला नको होता! पण थोड्याच वेळात हसू ओसरलं. एका पोरीच्या नवऱ्याने 'आई गं' म्हणत खडा खाली टाकला. माझी भाची डोळे मिटून आकडे पुटपुटत होती. माझी बोटं आधी बधिरली, मग जळायला लागली आणि मी भिंतीवरच्या घड्याळाला नजर लावून बसले. मागच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बरोबर आलेल्या सासवा-आया होत्या. त्यांच्यात सत्तरी तालुक्यातून, होंड्याहून सुनेबरोबर आलेल्या एक काकी. त्यांची मूठ शेवटपर्यंत घट्ट. वितळलेलं पाणी बांगड्यांत अडत अडत कोपरापर्यंत ओघळलेलं, चेहऱ्यावरची रेघ मात्र हललेली नाही. मिनिट संपल्यावर बाईंनी एकेकाला विचारलं, काय जाणवलं? कुणी म्हणालं चटका, कुणी म्हणालं मुंग्या. काकींची पाळी आली. "काय जाणवायचं गो? धरायला सांगितलात, धरला."

सगळे पुन्हा हसले. बाईही हसल्या आणि पुढे सरकल्या. माझं हसू मात्र अर्ध्यावरच राहिलं.

मी तिथे होते ती नाइलाजाने. भाचीला सातवा महिना लागला होता. बरोबर घरचं एक माणूस हवंच अशी वर्गाची अट. नवऱ्याला वेर्ण्याच्या कारखान्यात पाळ्या, सासू कारवारला आणि ताईच्या गुडघ्यांना दोन जिने झेपत नव्हते. राहिले मी. मी लग्न केलेलं नाही, बाळंतपण माझ्या वाट्याला आलेलं नाही. आमच्याकडे अशा बाईला या विषयात तोंड उघडायची सोय नसते. 'तुला काय कळणार' हे इतक्या जणींकडून ऐकलंय की आता कुणी म्हणायच्या आधीच मी मान डोलावते. त्यामुळे मागच्या रांगेतली जागा मला फार सोयीची वाटली. तिथून सगळं बघायला मिळतं आणि आपल्याला कुणी काही विचारत नाही.

त्या दुपारी बर्फ दुसऱ्यांदाही वाटला गेला. या खेपेला बाई म्हणाल्या, घड्याळ बघू नका, आकडे मोजू नका, मन दुसरीकडे नेऊ नका. दुखतंय ते बघा. नेमकं कुठे दुखतंय? तळहाताच्या मध्यावर की बोटांच्या बेचक्यांत? गार लागतंय की गरम? एकसारखं आहे की कमीजास्त होतंय? श्वास आत घेताना काय होतं, सोडताना काय होतं? मी बघितलं. बघायला लागल्यावर कळलं, की खड्यापेक्षा 'अजून किती वेळ' हा विचारच जास्त बोचत होता. आणि ते दुखणं एकसंध नव्हतंच. मधेच एखादा क्षण काहीच नसायचं, नुसता ओलेपणा. मग पुन्हा चटका, तोही आधीच्या जागी नव्हे, जरा बाजूला. कमी दुखलं असं मी म्हणणार नाही. तेवढंच दुखलं. पण पहिल्या खेपेला मी दुखण्याच्या तावडीत होते, दुसऱ्या खेपेला त्याच्या शेजारी बसले होते.

वर्ग घेणाऱ्या बाई फिजिओथेरपिस्ट आहेत. त्या 'माइंडफुलनेस', म्हणजे सजगता, हा शब्द वापरतात, पण उदबत्ती, संथ बासरी, मिटल्या डोळ्यांपुढचं कमळ असला कारभार त्यांच्याकडे नाही, म्हणूनच मी टिकले. त्यांनी फळ्यावर गर्भाशय काढलं आणि सांगितलं, हा स्नायू आहे. तो आवळतो तेव्हा त्याचा रक्तपुरवठा घटकाभर कमी पडतो. खाली गर्भाशयाचं तोंड ताणलं जातं, ते उघडत दहा सेंटिमीटरपर्यंत जायचं असतं. तिथल्या नसा पाठीच्या कण्यात ज्या पातळीवर शिरतात तिथेच कमरेकडच्याही येतात, म्हणून कळ येते पोटात आणि कंबर मोडते. "म्हणजे मोडली असं वाटलं तरी मोडलेली नसते?" पुढच्या गादीवरून एका पोरीने विचारलं. नसते. मग त्यांनी एक चढ-उताराची रेघ काढली. कळ चढते, टोकाला जाते, उतरते. पुऱ्या जोरात असली तरी मिनिट, दीड मिनिट. मग मधे मोकळा वेळ असतो, आणि बायका तो मोकळा वेळ पुढच्या कळेच्या धास्तीत घालवतात. शेवटी आवाज चढवून म्हणाल्या, कळ उतरतच नसेल, अंगावरून रक्त जात असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल, तर श्वास बघत बसायचं नाही. गाडी काढायची आणि इस्पितळ गाठायचं. हे मी वहीत दोनदा अधोरेखित केलं.

भीतीचंही त्यांनी सांगितलं. घाबरलं की अंगात ॲड्रेनॅलिन वाढतं, स्नायू आखडतात, कळा मंदावूही शकतात. परतताना स्कूटरवर, फर्मागुढीचा चढ चढताना, भाची मागे न बघता मोठ्याने म्हणाली, "मावशी, म्हणजे मी घाबरले आणि उशीर झाला तर चूक माझीच ना?"

मला उत्तर सुचलं नाही. ट्रक जवळून गेला हे निमित्त पुरलं.

त्या रात्री मी वाचत बसले. वाचनालयात आयुष्य गेल्यामुळे प्रश्न पडला की पुस्तकं उपसायची ही खोड आहे. भीतीतून ताण आणि ताणातून वेदना हे चक्र इंग्लंडच्या ग्रँटली डिक-रीड या डॉक्टरने १९३३ साली मांडलं. भीती काढून टाका, वेदना निघून जाईल, असा त्याचा भरवसा. रानावनातल्या बायका सहज बाळंत होतात, सुधारलेल्या बायकांना भीतीने दुखतं, असंही त्याचं एक लाडकं मत होतं. माझ्या आजीची आणि त्याची गाठ पडायला हवी होती. मग १९५१ मध्ये फर्नांड लमाझ या फ्रेंच डॉक्टरने सोव्हिएत रशियात एक बाळंतपण पाहिलं, सवयीने शरीराची प्रतिक्रिया घडवता येते या पावलॉव्हच्या सिद्धान्तावर बेतलेली श्वासाची कवायत पॅरिसला आणली आणि तिथून ती जगभर गेली. दोघांनीही बाईच्या मनाला किंमत दिली हे खरंच. पण त्याबरोबर एक हिशेबही तिच्या नावावर मांडून ठेवला. दुखणं मनावर आहे म्हटलं की दुखल्याचा दोष मनाला आणि मन कुणाचं, तर तिचं. भाचीने स्कूटरवर विचारलेला प्रश्न त्या हिशेबातलाच होता.

त्या हिशेबाला छेद देणारा माणूस मला आवडला. रोनाल्ड मेलझॅक, कॅनडाचा मानसशास्त्रज्ञ. पॅट्रिक वॉल या ब्रिटिश सहकाऱ्याबरोबर त्याने १९६५ साली मांडलं की वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत त्याला एक दार लागतं. ते कमीजास्त उघडतं, मिटतं. पाठ चोळली की स्पर्शाच्या नसा ते थोडं ओढून घेतात. वरून मेंदूही, म्हणजे लक्ष, भीती, मागच्या आठवणी, त्या दारावर हुकूम चालवतात. याच मेलझॅकने पुढे १९७५ मध्ये वेदना मोजायची प्रश्नावली केली आणि ती बाळंतिणींनाही लावली. आकडे भयंकर आले. पहिलटकरणींच्या कळा माणसाला ठाऊक असलेल्या सर्वांत तीव्र वेदनांच्या रांगेत बसल्या. पूर्वतयारीचा वर्ग केलेल्यांचे आकडे जरा खाली होते, पण जराच; त्यांतल्याही बहुतेकींनी एपिड्युरल, म्हणजे कळा बधिर करणारी पाठीतली सुई, मागितली. वेदनारहित बाळंतपण ही दंतकथा आहे, असं त्याने १९८४ मध्ये स्पष्ट लिहिलं. मन वेदनेवर हुकूम चालवतं हे सिद्ध करणाराच सांगतो की मनावर भिस्त ठेवून सुई नाकारू नका. मला हे फार सभ्य वाटलं.

आताच्या वर्गांची वंशावळ वेगळी. १९७९ साली जॉन कबाट-झिन याने मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात, औषधांनी बरं न वाटणाऱ्या रुग्णांसाठी, बौद्ध ध्यानातली सजगता धर्माचा अंगरखा उतरवून शिकवायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियातल्या नॅन्सी बार्डॅकी या सुईणीने १९९८ मध्ये तेच गर्भारणींसाठी बेतलं. हातातला बर्फ तिथला. २०१७ मध्ये तिकडचाच एक छोटा अभ्यास छापून आला. पहिल्यांदा आई होणाऱ्या तीस बायका. काहींना अडीच दिवसांत अठरा तासांचं शिक्षण दिलं, काहींना नेहमीचं. सजगता शिकलेल्यांना बाळंतपणाबद्दल स्वतःचा भरवसा जास्त वाटला, उदासीची लक्षणं कमी राहिली, बाळंतपणानंतरही कमी राहिली. पण कळा कमी दुखल्या का? नाही. एपिड्युरल कमी घेतलं का? तेही नाही. तीस जणींवरून जग ठरवता येत नाही, पण मी हे वाचून खुर्चीत मागे टेकले. माझ्या तळहाताचं म्हणणंही तेवढंच होतं.

बुद्धाचं नाव अमेरिकेतून फिरून फोंड्याला आलं, याची मला जरा गंमत वाटली, कारण आमच्या घरी तो गोव्यातल्याच सांखवाळहून आला होता. धर्मानंद कोसंबींची पुस्तकं अण्णांच्या कपाटात वरच्या फळीवर असायची. १८७६ साली सांखवाळला जन्मलेला माणूस बुद्धाच्या ओढीने १८९९ मध्ये घर सोडतो, काशी, नेपाळ करत सिंहलद्वीपापर्यंत जातो, पाली शिकतो आणि ते सगळं मराठीत आणतो. लहानपणी मला ही गोष्ट रोमांचक वाटायची. आता तीच आठवली तर घरात मागे राहिलेली तरुण बायको आणि लहानगी मुलगी आधी दिसतात. त्या बाईच्या बाळंतपणात कोण होतं, तिला किती वेळ कळा आल्या, हे कुठल्या कपाटात सापडायचं? तरीही अण्णांच्या त्या फळीनेच मला अंगुलीमालाची पुढची गोष्ट दिली, जी सहसा कुणी सांगत नाही. डाकूचा भिक्षू झालेला अंगुलीमाल भिक्षेला जातो आणि अडलेली बाई बघतो. कळा येतायत, मूल येत नाही. तो हादरून बुद्धाकडे परततो. बुद्ध म्हणतो, जा, तिला सांग की जन्मापासून मी जाणूनबुजून कुणाचा जीव घेतला नाही, या सत्याने तुझं आणि गर्भाचं भलं होवो. अंगुलीमाल म्हणतो, हे खोटं होईल. मग बुद्ध दुरुस्ती करतो, आर्य जन्म, म्हणजे भिक्षूचा नवा जन्म, घेतल्यापासून, असं म्हण. तो जातो, म्हणतो, बाई सुटते. श्रीलंकेत गर्भारणींसाठी हे परित्त, म्हणजे रक्षणाचा पाठ, अजून म्हणतात. चमत्काराचं सोडा, मला त्यातला खोटं बोलायला नकार देणारा भिक्षू आवडतो. अडलेल्या बाईपुढे उभं राहून धीर द्यायचा, पण खोटं सांगून नाही.

आमच्या माशेलला देवकीकृष्णाचं देऊळ आहे. कडेवर बाळ घेतलेली देवकी म्हणजे आमच्यासाठी रोजची ओळखीची बाई. गोकुळाष्टमीच्या रात्री कीर्तनात कृष्णजन्म रंगायचा. मुसळधार पाऊस, साखळ्या गळून पडल्या, पहारेकरी झोपले, दारं आपोआप उघडली, बुवांचा आवाज चढायचा आणि बायका पाळण्याची दोरी धरायला पुढे सरसावायच्या. इतक्या वर्षांत एकाही बुवाने देवकीच्या कळांचा उल्लेख केल्याचं मला आठवत नाही. कोठडीत सुईण नाही, आई नाही, गरम पाणी नाही. सहा बाळंतपणं पाठीशी असली म्हणून काय झालं! माझी आजी मात्र पाळणा झाला की हमखास म्हणायची, "वसुदेवानेच केलं असणार सगळं, बिचाऱ्याने."

आजीची बाळंतपणं घरातल्या काळोख्या खोलीत झाली. वैजीण यायची, खोबरेल कोमट करून कमरेला चोळायची, बाईला चालती ठेवायची, ओणवी बसवायची. मेलझॅकच्या दाराबद्दल तिला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, हात मात्र बरोबर जागी पडायचा. या गोष्टीवर लिहिणाऱ्यांचे डोळे लगेच ओले होतात. माझे होत नाहीत, कारण त्याच खोलीत आजीची धाकटी जाऊ रक्त जाऊन गेली आणि बैलगाडी ओढ्यापलीकडेच अडकली होती. आज गोव्यात जवळपास प्रत्येक बाळंतपण इस्पितळात होतं, याचं मोल त्या जावेच्या माहेरच्यांना विचारावं. फक्त काळोख्या खोलीतून उजेडाच्या खोलीत येताना, कमरेवरचा तो हात दाराबाहेर राहिला. आणि उजेडाच्या खोलीतही आता घाई फार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यात जवळजवळ चाळीस टक्के बाळंतपणं शस्त्रक्रियेने झालेली, देशाचा आकडा साडेएकवीस. त्यांतली किती गरजेची, हे मी ठरवणारी कोण. पण वर्गातल्या दोघींच्या हातात तारीख आधीच पडली होती. त्या श्वासाचा सराव मन लावून करायच्या, आणि कशासाठी करतोय हे त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं. मी त्यांना विचारलं, तर एक म्हणाली, "पैसे भरलेत ना." पैशांचंही आहेच. आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्यांसाठी रांगेत उभ्या असणाऱ्या बायकांना हा बर्फ कोण वाटतो?

होंड्याच्या काकी मला पुढच्या रविवारी भेटल्या त्या कदंब बसच्या थांब्यावर. सून बाजूला फोनवर. मी धीर करून विचारलं, त्या दिवशी बर्फ एवढा वेळ कसा धरलात? काकींनी माझ्याकडे नीट बघितलं. मग सांगितलं ते असं. पहिल्या बाळंतपणाला काकी दोन रात्री कळा देत होत्या. सासूने बजावलेलं, ओटीवर पुरुष बसलेत, आवाज नको. "मग मी गेले काजूंत." म्हणजे काय? म्हणजे मनाने. घरामागच्या डोंगरावरची सगळी काजूची झाडं त्यांना पाठ. एकेका झाडाखाली जायचं, बोंडू गोळा करायचे, बिया पिरगळून काढायच्या, बोंडू मळायच्या कोळंब्याकडे आणून टाकायचे, पुन्हा वर. कळ वाढली की चढाचं झाड धरायचं. "पुरा डोंगर फिरून आले. तुमच्या त्या बाई म्हणतात इथेच बसून बघ. कशाला बघू मी?" मी म्हटलं, बरोबर आहे. आणि ते बरोबरच होतं. लक्ष दुसरीकडे वळवणं हा वेदनेवरचा जुना, खरा उपाय आहे. मेंदूकडून दार ओढून घ्यायची तीही एक रीत. काकींनी ती कुणी न शिकवता, ओटीवर पुरुष बसलेले असताना, एकटीने शोधून काढली. मी ते त्यांना सांगणार होते. पण त्या बोलतच होत्या. "फक्त पोर कधी बाहेर आलं ते कळलं नाही. रडलं म्हणतात. मी ऐकलं नाही. मी झाडाखालीच होते गो."

वाळपईची बस लागली. सुनेने हात धरला, काकींनी तो सोडवून दांडी पकडली आणि चढल्या.

मी काही दिवस त्या एका वाक्याशी भांडत होते. सजगतेवाल्यांची बाजू जिंकली असं मला वाटून घ्यायचं नव्हतं. दुखण्यापासून पळालेल्या बाईला मूल रडल्याचं ऐकू आलं नाही, असा धडा काढणं सोपं आहे आणि दुष्टपणाचंही. काकी पळाल्या नव्हत्या, त्यांना बाहेर काढलं होतं. ओरडायची मुभा नसलेल्या खोलीत कोण थांबेल? त्या खोलीत थांबून आपल्या अंगाकडे बघायचं, तर आजूबाजूला कुणीतरी असं हवं ज्याच्यासमोर ओरडलं तरी चालेल. वर्गात तेवढी एक गोष्ट शिकवली जात नव्हती, कारण ती गर्भारणीने शिकायची गोष्टच नव्हे. ती मागच्या रांगेने शिकायची.

आणि ती काही हळव्या माणसांची कल्पना नाही. २०१७ मध्ये सव्वीस चाचण्यांचा, पंधरा हजारांवर बायकांचा एकत्र आढावा निघाला. बाळंतपणात सतत सोबतीला कुणी असलं तर बाई आपसूक बाळंत होण्याची शक्यता वाढते, कळांचा काळ थोडा आखूड होतो, शस्त्रक्रिया कमी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये मनाजोगत्या सोबत्याची शिफारस केली. त्याच पुस्तिकेत श्वास, संगीत, सजगता आहे आणि मागेल तिला एपिड्युरलही आहे. म्हणजे ज्या दोन गोष्टींवरून आमच्या आप्तेष्टांत दोन तट पडतात त्या तिथे शेजारी-शेजारी बसल्यात. आपल्या सरकारनेही २०१६ मध्ये सरकारी प्रसूतिगृहांत सोबतीण नेऊ द्यावी असं कळवलं. स्त्री नातेवाईक, शक्यतो स्वतः कळा सोसलेली.

ही शेवटची ओळ मी वाचली तेव्हा तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं.

आषाढी द्वादशीला, चिखलकाल्याच्या दिवशी, देवळासमोर पोरं चिखलात लोळत असताना भाचीला कळा सुरू झाल्या. ज्या खाजगी इस्पितळात नाव घातलं होतं तिथे पोचेपर्यंत संध्याकाळ. दाराशी सिस्टर म्हणाली, एकच बाई आत. मी पुढे झाले. "तुम्ही बाळंत झालायत?" नाही म्हटल्यावर तिने माझ्या खांद्यावरून मागे, काठी टेकून उभ्या असलेल्या ताईकडे बघितलं. तर असं झालं, की वर्गातली सगळी वही पाठ असलेली मी बाहेरच्या बाकावर, आणि एकही वर्ग न केलेली ताई आत. नियम मला पटत नाही असंही नाही. अनुभवाला काही अर्थ असतोच. पण अनुभव घेऊन माणूस काय शिकतो, हे नियम विचारत नाही.

आत काय झालं ते भाचीने नंतर सांगितलं. पहिले काही तास श्वास चालला. कळ चढताना तिने ती बघितली, उतरताना बघितली, मधल्या वेळात चक्क पेज प्यायली. मग पाणी गेलं आणि कळा अंगावर धावून यायला लागल्या. बघायला जागाच उरली नाही. ती ओरडली. ताई म्हणाली, "सोस बाय, आम्ही पण सोसलंय. ओरडून ताकद घालवू नको." माझी ताई प्रेमळ आहे. पायाची नखं निळी पडेपर्यंत ती त्या पलंगाशी उभी होती. पण तिच्यापाशी तेवढं एकच वाक्य होतं, तिला दिलेलं, आणि ते तिने तसंच पुढे केलं. रात्रपाळीची सिस्टर येऊन काही न सांगता तपासून गेली. भाची म्हणते, कळेपेक्षा मला ते दुखलं. पहाटे पाळी बदलली. काणकोणकडची एक पोरगेली सिस्टर आली. ती प्रत्येक वेळी आधी सांगायची, आता हात लावणार आहे, आता गार लागेल, आता एवढं उघडलंय, पुढचं इतकं राहिलंय. ओरडायचं असेल तर ओरड, म्हणाली. आणि कमरेवर तळवा दाबून धरायची. भाचीने तिलाच विचारलं, इंजेक्शन मिळेल का? तिने भूलतज्ज्ञाला बोलावलं. सकाळी मुलगी झाली, ती रडली ते मी दाराबाहेरून ऐकलं, ताईने ऐकलं आणि भाचीनेही.

तिसऱ्या दिवशी, अळिवाच्या खिरीची वाटी हातात, भाची म्हणाली, "मावशी, मी नापासच झाले ना? शेवटी सुई घेतली." मला इतका राग आला की वाटी तिच्या हातात नसती तर मीच आपटली असती. तिच्यावर नाही. शेजारणी येऊन बाळ बघायच्या आधी 'नॉर्मल की सीझर' विचारत होत्या, आणि नॉर्मल म्हटल्यावर 'सुईबिई नाही ना घेतली' असं पुढचं पान उलटत होत्या. एका आत्याबाईंनी तर वर्गाचे पैसे वाया गेले असा निकालही दिला. वर्गाने तिला काय दिलं होतं? तर आत काय चाललंय याचा नकाशा, आणि 'मला आता इंजेक्शन हवंय' हे घाबरून नव्हे तर समजून म्हणण्याइतकी जागा. मी हे तिला सांगितलं. ती खीर खात राहिली. पटलं की नाही, कळलं नाही.

परवा वर्गाच्या बाईंचा फोन आला. नव्या तुकडीपुढे येऊन आपला अनुभव सांगशील का, असं त्यांनी भाचीला विचारलं. ती लगेच हो म्हणाली. ताई कोपऱ्यात लंगोट घडी करत होती. "काय सांगणार तू?" तिने विचारलं.

"फार दुखतं म्हणून सांगणार. सुई मिळते, मागा, म्हणून सांगणार."

"पोरी घाबरतील."

"घाबरल्या तर विचारतील तरी काहीतरी." मग जरा थांबून म्हणाली, "आणि आई, तूही चल. मागे बस हवं तर. पण त्या सिस्टरने काय काय केलं ते तूच सांग. मला अर्धं आठवत नाही, तू शुद्धीवर होतीस."

ताईने लंगोट बाजूला ठेवला. दोन जिने आहेत ना गो तिथे, म्हणाली. खालच्या औषधवाल्याकडे लिफ्टची चौकशी करायचं काम आता माझ्याकडे आलंय.